तिथे जाऊन कोणी मोजलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या प्रचंड समूहावर, लावून "ही पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे" असं म्हटलं, की रांगेतून प्रश्न येतोच: "तिथे जाऊन कोणी मोजलं?" त्याचं उत्तर देऊन होत नाही तोच दुसरा: "आमच्या जुन्या पुस्तकात वीस लाख लिहिलंय. तुमचा आकडा सारखा बदलतो, मग विश्वास कशावर ठेवायचा?" रांगेत मागे चाळीस माणसं ताटकळत असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. इथे देते.

आधी मी अंगठ्यावर भागवायचे. हात लांब करा, अंगठा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या या बाजूहून त्या बाजूला जाते, तेच आपले दोन डोळे, आणि जवळचा तारा म्हणजे अंगठा. लोक मान डोलवून पुढे सरकायचे. पण अंगठ्याची ही युक्ती देवयानीपर्यंत पोचतच नाही. हे ठाऊक असून तिथेच थांबणं मला आता खोटेपणाचं वाटतं.

तरी सुरुवात तिथूनच करावी लागते, कारण पुढचं सगळं त्याच पायावर उभं आहे. ताऱ्याच्या या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. निम्म्या, हे लक्षात ठेवा. नवखे नेमके इथेच दुपटीने चुकतात. कोन विकलांमध्ये मोजायचा. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. एकाला पराशयाने भागलं की अंतर पार्सेकमध्ये मिळतं, आणि त्याला ३.२६ ने गुणलं की प्रकाशवर्षांत. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, त्याचा पराशय ०.७६८ विकला. म्हणजे सगळ्यात सोप्या ताऱ्यालाही पुरती एक विकला नाही. आणि हवेच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमाच एक-दोन विकला पसरते.

पहिलं पक्कं मोजमाप १८३८ साली कोनिग्सबर्गला बेसेलने केलं. त्याच्याकडचं उपकरण हेलिओमीटर. त्याचं सुमारे सोळा सेंटिमीटरचं भिंग मधोमध कापून दोन अर्धुकं केलेली होती. प्रत्येक अर्धुक आपापली प्रतिमा देतं. स्क्रू फिरवून एक अर्धुक कापाच्या रेषेवरून सरकवायचं, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींपासून लांब जातात. एका अर्धुकातला मोजायचा तारा दुसऱ्या अर्धुकातल्या शेजारच्या मंद ताऱ्यावर नेमका आणून बसवायचा आणि स्क्रूचे फेरे वाचायचे. फेऱ्यांवरून कोन मिळतो. हवा थरथरली तरी शेजारशेजारचे तारे बरेचसे बरोबरीने थरथरतात, म्हणून त्यांच्यातला फरक टिकतो. बेसेलने हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा निवडला, कारण तो वर्षाला पाच विकलांहून जास्त वेगाने आकाशात सरकतो. इतका भराभर सरकणारा तारा जवळचा असणार. पण अडचणही तीच. सरळ रेषेतलं ते सरकणं पराशयाच्या कितीतरी पट मोठं, त्यामुळे दोनच वेळा मोजून काही हाती लागत नाही. वर्षभर मोजत राहायचं, सरळ चाल वजा करायची, मग उरलेलं वर्षाचं छोटं वेटोळं दिसतं. बेसेलचं उत्तर ०.३१४ विकला. आजचं ०.२८६. तिथे कोणी गेलं नव्हतं. स्क्रू फिरवला होता.

आज हेच काम गाया यानाने वातावरणाबाहेरून केलं, जवळजवळ दीड अब्ज ताऱ्यांसाठी. चांगल्या तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत त्याची चूक विकलेच्या एक लाख भागांतल्या दोन भागांएवढी. पण देवयानीचा पराशय त्याहूनही पंधरापट लहान. अंगठ्याची हद्द इथे संपली.

पुढे काय करायचं, ते तुम्हाला घराच्या गच्चीवरून दुर्बिणीशिवाय बघता येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आठच्या सुमारास उत्तरेला शर्मिष्ठेच्या पश्चिमेला वृषपर्वा तारकासमूह असतो. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा. ताऱ्याचं दिसणारं तेज प्रतीत मोजतात. झीटाची प्रत ३.४, एप्सिलॉनची ४.२, प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद. डेल्टा या दोघांच्या आसपास ३.५ ते ४.४ मध्ये खालीवर होत राहतो. झीटा ते एप्सिलॉन या फरकाचे मनात आठ भाग करा आणि डेल्टा कितव्या भागावर आहे ते लिहा. तीन भाग खाली असेल तर ३.७. रोज एकदा, तारीख-वेळेसकट. वीसेक नोंदी झाल्या की सगळ्या तारखांमधून ५.३७ दिवसांच्या पटी वजा करून एकाच आलेखावर मांडा. दीडेक दिवसात झपकन चढ आणि चारेक दिवसांत सावकाश उतार, असा आकार दिसेल. बिघडतं ते बहुधा एका कारणाने: झीटा नारिंगी आहे आणि तांबूस ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो डोळ्याला उजळ वाटू लागतो. प्रत्येक ताऱ्याकडे क्षणभरच बघा.

असे नियमाने आकसणारे-फुगणारे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे म्हणजे सेफिड. हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली हार्वर्डमध्ये लहान मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतले २५ सेफिड घेऊन दाखवलं, की जितका आवर्तनकाल, म्हणजे एका चढउताराला लागणारा वेळ, मोठा तितका तारा तेजस्वी. मेघातले सगळे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणून तिथे दिसणाऱ्या तेजातला फरक हा खरा फरक. एकदा हा नियम मिळाला की आवर्तनकाल घड्याळाने मोजायचा, त्यावरून खरं तेज काढायचं आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढायचं. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या एका काचेच्या प्लेटवर एडविन हबलला असा तारा सापडला. आधी त्याला तो नवतारा, म्हणजे एकाएकी उजळून मंदावणारा तारा, वाटला होता. मग ते खोडून त्याने 'रूपविकारी' अशी खूण केली, पुढे उद्गारचिन्ह. आवर्तनकाल ३१.४ दिवस. हिशेब आला नऊ लाख प्रकाशवर्षांच्या घरात.

नऊ लाख. आज आपण पंचवीस म्हणतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि हाच भाग मी इतकी वर्षं गाळत होते. वाटायचं, लोक म्हणतील, बघा, चुकलेच होते ना.

१९२९ मध्ये हबलने दीर्घिकांची अंतरं आणि त्यांचे दूर जाण्याचे वेग एकत्र मांडले. उत्तर आलं, दर मेगापार्सेकमागे (दहा लाख पार्सेकमागे) सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. हाच वेग उलटा मागे नेला तर विश्वाचं वय भरतं दोन अब्ज वर्षं. इकडे खडकांतल्या युरेनियम-शिशावरून आर्थर होम्सने १९४६ मध्ये पृथ्वीचं वय काढलं तीन अब्ज. लेक आईहून थोरली. ही विसंगती तशीच लोंबकळत राहिली. विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या, १९४८ मध्ये पुढे आलेल्या स्थिर-स्थिती सिद्धांतामागे वयाचा हा पेचही होता. मराठी वाचकाला तो सिद्धांत जयंत नारळीकरांमुळे ओळखीचा आहे.

सुटका वाल्टर बाडेने केली. तो जर्मनीहून आलेला. अमेरिका युद्धात उतरल्यावर तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. सहकारी युद्धकामावर गेले आणि त्याला माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर भरपूर वेळ मिळाला. खाली लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंदावलेले. काळोख इतका, की त्याने देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करून दाखवले. आधी ते कोणालाच जमलं नव्हतं, कारण सगळे निळ्या प्रकाशाला संवेदनशील प्लेटा वापरत होते. बाडेने लाल प्रकाशाच्या प्लेटा घेतल्या, तासन्‌तास उघड्या ठेवल्या, आणि गाभ्यातले सर्वांत ठळक तारे तांबडे निघाले. दीर्घिकेच्या सर्पिल हातांमधले मात्र निळे. १९४४ साली त्याने मांडलं, की तारे दोन पिढ्यांचे आहेत: हातांमधले तरुण आणि गाभ्यातले, गोलाकार तारकागुच्छांतले म्हातारे.

मग पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. त्या वेळचं अंतर खरं असतं, तर आर-आर लायरी जातीचे म्हातारे रूपविकारी तारे देवयानीत २२.४ प्रतीला, म्हणजे या दुर्बिणीच्या टप्प्याच्या काठावर दिसायला हवे होते. दिसले नाहीत. त्या प्रतीला दिसले ते फक्त सर्वांत तेजस्वी तांबडे राक्षसी तारे. आपल्याकडच्या गोलाकार गुच्छांत हेच तांबडे तारे आर-आर लायरींपेक्षा दीड प्रतीने उजळ असतात. म्हणजे देवयानीतले आर-आर लायरी अजून दीड प्रत खाली, टप्प्याबाहेर. दीड प्रत म्हणजे तेजात चौपट, आणि तेज अंतराच्या वर्गाने कमी होतं, म्हणून अंतरात दुप्पट.

चूक कुठे होती? सेफिड एक जात नव्हतीच. डेल्टासारखे तरुण सेफिड आणि म्हाताऱ्या पिढीतले सेफिड यांचे आवर्तनकाल सारखे असले तरी म्हातारे दीड प्रतीने मंद असतात. मापाची पट्टी बनवताना दोन्ही एकाच रेषेवर बसवलेले होते. मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. ते एका रेषेवर बसले कसे? आपल्याजवळचे तरुण सेफिड आकाशगंगेच्या पातळीत, धुळीआड आहेत. धुळीचा हिशेब न धरल्याने ते मुळातच मंद आहेत असं धरलं गेलं, इतके मंद की म्हाताऱ्यांशी बरोब्बर जुळले. एका चुकीने दुसरीला आधार दिला. दोन वाटांनी एकच उत्तर येतंय म्हणून कोणाला शंका आली नाही.

सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनात बाडेने हे मांडलं. प्रिटोरियाहून आलेल्या थॅकरेने तिथेच सांगितलं, की लहान मॅजेलनी मेघातल्या गुच्छात त्याला आर-आर लायरी सापडलेत, आणि तेही अपेक्षेपेक्षा तेवढेच मंद आहेत. विश्व दुप्पट मोठं झालं आणि वयाने दुप्पट थोरलं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तीस वर्षं चुकीचा आकडा ठामपणे सांगत होतात. हो. हे मी नाकारत नाही. "दोन पद्धती जुळतात" हा आमचा आवडता पुरावा त्या वेळी उपयोगी पडला नाही. पण "मग सगळंच अंदाजपंचे" हे मला मान्य नाही. २२.४ प्रतीला काय दिसायला हवं हे आधीच ठरलेलं होतं, म्हणूनच ते न दिसणं पकडता आलं. अंदाजपंचे आकड्याला असं पकडताच येत नाही.

त्यानंतरही काम संपलं नव्हतं. १९५८ मध्ये अ‍ॅलन सँडेजने दाखवलं, की दूरच्या दीर्घिकांमध्ये हबलने ज्यांना सर्वांत तेजस्वी तारे धरलं, ते खरं तर चमकणारे वायूचे ढग होते. ५०० चा आकडा ७५ च्या आसपास आला. आता सेफिडचं तेज अवरक्त प्रकाशात मोजतात, कारण तिथे धूळ कमी अडवते. गर्दीच्या जागी शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळला की सेफिड उजळ भासतो आणि अंतर कमी भरतं. ते वेगळं दुरुस्त करावं लागतं. जेम्स वेब दुर्बिणीची तीक्ष्ण नजर त्यासाठीच कामी आली. हबल दुर्बिणीने देवयानीतले सेफिड मोजून २०२१ मध्ये आलेलं उत्तर आहे २४.८ लाख प्रकाशवर्षं, चूक दीड टक्का. तुमच्या पुस्तकातले वीस लाख आणि माझे पंचवीस लाख यांत भांडण नाही. मधल्या दुरुस्त्या आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीचं कारण सांगता येतं.

मात्र सगळं मिटलंय असं मी सांगणार नाही. पराशयावर सेफिड, सेफिडवर अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) अशा मोजमापांच्या शिडीने आज प्रसरणाचा वेग, हबलच्याच एककात, ७३ येतो, चूक एक. विश्वाच्या बालपणीच्या सूक्ष्मलहरी प्रारणावरून प्लांक यानाच्या निरीक्षणांनी ६७.४, चूक अर्धी. दोघांच्या चुका धरूनही मधली दरी भरत नाही. सेफिडऐवजी दुसऱ्या जातीचे तांबडे तारे वापरणाऱ्यांचं उत्तर ७० च्या आसपास, मध्येच कुठेतरी. शिडीत बाडेच्या वेळेसारखी एखादी लपलेली चूक आहे की विश्वाबद्दलचं आपलं गणितच कमी पडतंय? आधी मी पैजेने म्हणायचे, चूक शिडीतच. आता तशी पैज लावणार नाही.

तिसरी वाट आहे, आणि तिला शिडी लागतच नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून. लहरीची वारंवारता किती भराभर चढते त्यावरून तिची मूळ ताकद कळते. इथे पोचलेली ताकद मोजली की अंतर हातात. त्या एका घटनेवरून आलेला वेग ७०, पण चूक ६२ ते ८२ इतकी रुंद. कारण तारे आपल्याकडे तोंड करून फिरत होते की आडवे, हे नीट कळलं नाही. तोंड करून फिरणारी जोडी जोरात ऐकू येते आणि म्हणून जवळची वाटते. वेगवेगळ्या दिशांना हात पसरलेले जास्त संवेदक असले तर हा घोळ कमी होतो. त्यातला एक, चार-चार किलोमीटरच्या दोन हातांचा, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचा आहे. त्याला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तो सुरू होऊन अशा पन्नासेक टकरा नीट मोजल्या गेल्या, की ६७ आणि ७३ मधलं कोण टिकतं ते बघू. तोवर रांगेत विचारलंत तर मी २४.८ लाख म्हणेन, आणि त्याबरोबर दीड टक्काही सांगेन.