विळ्यांचा बगळा: मान बसली, आता पंख

भंगारातली जुनी अवजारं जोडून एक बगळा करतोय, त्याची मान या आठवड्यात बसली. दोन विळे एकमेकांना उलटे जोडलेत, त्यामुळे तळ्याकाठी माशावर टपलेल्या बगळ्याच्या मानेचा वळसा आपसूक आला. जोड कुठे द्यायचा, यातच सगळी मेख होती. विळ्याचं पातं कडक पोलादाचं. वेल्डिंगच्या आचेनं त्याचं पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा, उतरतं आणि जोडाशेजारी तडा जातो. म्हणून मुठीत शिरणारी निमुळती शेपटी असते, तिथंच दोन्ही विळे धरले. धार आधीच घासून बोथट केली; घरात लेकरं असतात.

चोच म्हणजे भाकरीचा जुना चिमटा. त्याची दोन पानं किंचित उघडी राहतात, ती तशीच ठेवली. अंगाला लातूरच्या भंगारातून आणलेला नांगराचा फाळ. मातीत घासून एका बाजूनं पातळ झालाय, आणि नेमकी तीच बाजू शेपटीकडं निमुळती होते. उभा पाय जुन्या पंपाच्या शाफ्टचा. पोटाशी दुमडलेला पाय छत्रीच्या काडीचा, कारण तिच्या मधल्या सांध्यात बगळ्याचा गुडघा हुबेहूब दिसतो. सगळा भार जात्याच्या तळीवर. खुंट्याचं भोक तयारच होतं, शाफ्ट त्यात पाचर मारून घट्ट बसवला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “बगळा अन् काळा? पांढरा रंग तरी दे की रे!” मी देणार नाही. पिकासोनं 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात बैल दिसतो, आणि सीट सीटच राहते. पुढं 1951 च्या माकडिणीचं डोकं त्यानं खेळण्यातल्या दोन मोटारींचं केलं, तिथंही मोटारी लपत नाहीत. मला या कलेत हेच सगळ्यात जास्त आवडतं. बगळा पाहणाऱ्याला विळा ओळखता आलाच पाहिजे. रंगाखाली विळा गेला, तर मग साधा पत्रा कापून बगळा केलेला काय वाईट?

रंगाऐवजी जवसाचं तेल लावतोय. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढायचा, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि नीट वाळू द्यायचं. जाड थर दिला तर चिकट राहतो. एक नक्की पाळा: तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा. जस्ताच्या बादल्या वापरणाऱ्यांनीही जोडाच्या जागेचं जस्त आधी घासून काढावं, त्याचा धूर छातीत जातो.

पंख झिजलेल्या खुरप्यांच्या पात्यांचे करायचेत. खांद्याशी बारकी, टोकाला लांब, पिसांसारखी एकावर एक. सध्या पाती नुसती अंगणात मांडून बघतोय, जोडायची घाई नाही. चंदीगडचं रॉक गार्डन उभारणारे नेक चंद आधी वर्षानुवर्षं साहित्यच गोळा करत राहिले: नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या. 1976 मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. ढीग पुरेसा मोठा असला की निवडीला वाव मिळतो, एवढं मला पात्यांवरूनही कळायला लागलंय.

एका पंखापुरती पाती जमलीत. दुसऱ्यासाठी लातूर, धाराशिव, बीडकडच्या मंडळींनी आपापल्या लोहाराकडं चौकशी करावी. नवी पाती नकोत. डावखुऱ्या हातानं झिजलेली मिळाली तर आधी ती ठेवा. त्यांचा उतार उलटा असतो आणि डाव्या पंखाला तसाच हवाय.