नाव का सांगत नाही

परवा म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात मिरची घेत होतो. शेजारच्या गृहस्थांनी आधी भाव विचारला, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हळूच आपल्या डोक्यावरून हात फिरवला. हा हात मी आता ओळखतो. त्याच्या मागोमाग प्रश्न येतो. आलाच. "एक विचारू? केस कुठे केलेत? डॉक्टरांचं नाव काय?"

नाव सांगत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी गावच्या विहिरीला कुलूप घातलंय. ऑफिसात बोलतात की क्लिनिकवाल्यांनी ह्याला स्वस्तात करून दिलं असणार, म्हणून गप्प. बायकोच्या माहेरी म्हणतात, घमेंड. टकलावर केस लावून घेतले, हेअर ट्रान्सप्लांट केलं, तेव्हापासून तीन वर्षं ऐकतोय. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, म्हणून एकदाच काय ते सांगतो.

सोपं आधी. २,४०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावलेले केसांचे बारीक पुंजके. पद्धत एफयूई, म्हणजे एकेक मूळ सुटं काढायची. ग्राफ्टमागे ४० रुपये, म्हणजे ९६,०००, वर १८ टक्के जीएसटी. सरकारच्या लेखी हा आजार नाही, हौस आहे, त्यामुळे करही पूर्ण आणि विम्याची तर बातच नको. दुखतं का? भुलीच्या सुया दुखतात, डोळ्यांतून पाणी काढतात. पुढचे आठ तास नुसता कंटाळा. अर्धा दिवस पालथं, अर्धा दिवस उताणं, मधे इडली. मागच्या केसांतून मिलिमीटरभर तोंडाच्या पंचने एकेक मूळ सोडवतात, एकेका मुळात एक ते चार केस, आणि पुढे चिरा पाडून त्यात बसवतात. कानाशी सतत बारीक करकर चालू असते. ती दुखत नाही, पण विसरताही येत नाही.

हे का केलं, हेही विचारतात. आमच्या गावच्या जत्रेत दर वर्षी मराठी नाटक होतं, मी त्यात वीस वर्षं आहे. टोप चढवला की राजा, उतरवला की हिशेबनीस. एका वर्षी टोप उतरवताना मेकपवाला सहज म्हणाला, "तुम्हाला बरं, खाली काही आवरायचं नसतं." एवढंच. ह्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि ते असायलाच हवं असंही मला वाटत नाही. दात बसवणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.

त्या वर्षीचं नाटक झालं आणि फेब्रुवारीत मी ऑपरेशन केलं. पहिल्या काही रात्री डोकं उंच ठेवून झोपायचं म्हणून पडवीतली आजोबांची आरामखुर्ची ताब्यात घेतली. जागं असेपर्यंत तासातासाला सलाइनचा फवारा. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. डोक्यात भरलेलं भुलीचं पाणी शेवटी खालीच येतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी मुलगा उठून आला, माझ्याकडे बघून परत आत गेला आणि आईला म्हणाला, "बाहेर कोणीतरी बसलाय."

पाचव्या दिवशी गाडीत बसताना दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. थोडं रक्त आलं. पहिले आठ-दहा दिवस ग्राफ्ट नीट धरलेले नसतात, धक्क्याने निघतात, एवढं वाचलं होतं. घाबरून क्लिनिकला फोन केला. उचलणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, आपण पीआरपीचं पॅकेज घेतलंय का?" पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग केसांसाठी डोक्यात टोचून घ्यायचा. मी परत सांगितलं, रक्त येतंय. त्या म्हणाल्या, डॉक्टरसाहेब मुंबईला असतात, महिन्यातून दोनदा येतात. हा फोन लक्षात ठेवा. मी ठेवला नाही. पुढचं सगळं मी तो विसरल्यामुळे झालं.

दहा दिवसांनी खपल्या गेल्या. हेल्मेट घालता येत नव्हतं म्हणून तोवर ऑफिसला कदंबच्या बसने गेलो, डोक्यावर सैल टोपी. तीन आठवड्यांनी आरशात पाहिलं तर कपाळावर भाताच्या तरव्यासारखे खुंट उभे होते. काळे, एका ओळीत. शिगम्याच्या रात्री मी टोपी काढली आणि गुलालापासून डोकं वाचवत रोमटामेळाच्या मिरवणुकीच्या कडेला उभा राहिलो. तिथे काकांच्या धाकट्याने मला पाहिलं.

तो तेव्हा २४ वर्षांचा. कुंडईला कारखान्यात नोकरी, घरी लग्नाच्या गोष्टी सुरू, आणि केस पुढूनही विरळ, मधूनही विरळ. ढोल-ताशांच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "दादा, नाव सांग!"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः फोन लावून दिला. आणि ऑफिसातल्या मंडळींनो, तुमचं अर्धं बरोबर आहे. माणूस पाठवला म्हणून क्लिनिकने मला पीआरपीची दोन सेशन फुकट दिली. मी घेतली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. ओळखीचा माणूस चांगल्या दुकानात पाठवला, दुकानदाराने मुठीत चार बदाम ठेवले, तसं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात माझे खुंट गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर. लावलेला तरवा डोळ्यांदेखत पडावा तसं. ह्याला शॉक लॉस म्हणतात. वरचा केस जातो, मूळ आत राहतं, तीन-चार महिन्यांनी नवं फुटतं, पूर्ण चित्र दिसायला वर्ष जातं. हे सगळं बरोबर होतं आणि माझ्या बाबतीत तसंच झालं. म्हणजे मी ज्याच्या जोरावर नाव दिलं ते पीक उगवलेलंही नव्हतं. मी शेतावर फक्त रोपं उभी पाहिली होती. पण तोवर त्याने आगाऊ पैसे भरले होते. एप्रिलमध्ये त्याचं झालं. ४,००० ग्राफ्ट, एका दिवसात. "जितके जास्त तितकं दाट, सूटही मिळाली," असं तो खुशीत म्हणाला.

मधले महिने तो भेटला की टोपी घातलेलीच. कारखान्यातून थेट आलोय, म्हणायचा.

पुढच्या वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही नेहमीप्रमाणे मूळ घरी जमलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आमच्या पिढीतली मुलंच बांधतात. तो स्टुलावर चढला, मी खाली स्टूल धरून उभा. एकेक जिन्नस वर द्यायचा: असोले नारळ, सुपारीचे घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे. दमट दिवस, घामाने तो भिजलेला. दोन्ही हात वर, दातांत दोरी. मी सुपारीचा घड वर केला आणि त्याची टोपी घडाला अडकून खाली पडली.

त्याला टोपी उचलायला हात मोकळा नव्हता. मला उचलायची, तर स्टूल सोडावं लागलं असतं. त्यामुळे मी पाहत राहिलो. देवासाठी लावलेला मोठा बल्ब अगदी त्याच्या डोक्यामागे होता. मागचा भाग, कानापासून कानापर्यंत, कसरीने खाल्लेल्या लोकरीसारखा. पांढरे ठिपके, ठिपक्यांमध्ये तुरळक केस. कपाळावर सरळ पट्टीने आखावी तशी एक ओळ, तीही विरळ, आणि तिच्या मागे काहीच नाही. जे होतं तेही गेलेलं. माझ्या डोक्याच्या मागे बोट फिरवलं तर कुठून काढलेत ते कळत नाही. आणि दोघांचं तेच क्लिनिक, तेच टेबल, तोच पंच.

दोरी बांधून झाली. तो खाली उतरला, टोपी झटकली, घातली. काकू दारात उभी होती, तिनेही पाहिलं होतं. कोणी काही बोललं नाही. मग त्यानेच माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि अगदी सहज, असूयेचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला, "दादा, तुजे बरे आयल्यात."

शिवी दिली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ह्या वाक्याला काय उत्तर देणार? मी आंबाडे मोजत बसलो.

चवथ झाल्यावर त्याला घेऊन एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी लहानसं भिंग लावून आधी डोक्याची मागची बाजू पाहिली, पुढची नंतर. पाच मिनिटं लागली असतील. म्हणाल्या, ह्याचे मागचे केसही बारीक होत चाललेत. टकलात बाजूचे आणि मागचे केस टिकतात, आणि टिकाऊ जागेवरून आणलेला केस नव्या जागीही टिकतो, ह्या एका गोष्टीवर सगळं ट्रान्सप्लांट उभं आहे. काहींची मात्र ती जागाही टिकाऊ नसते. अशा माणसावर हे ऑपरेशन करूच नये. आणि चोविशीत, केस भराभर गळत असताना, आधी वर्षभर औषधं देऊन बघायची असतात. मिनॉक्सिडिल लावायचं, फिनास्टराइडची रोज एक मिलिग्रॅमची गोळी, तिचे दुष्परिणाम नीट समजावून. "हे भिंगाने कोणी पाहिलं होतं का?" त्यांनी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. त्याचंही आणि माझंही. आम्हाला तपासलं ते टाय लावलेल्या काउन्सेलर मुलाने, मोबाइलवर फोटो काढून. डॉक्टर आले ते मार्करने ओळ काढायला. पंच कोणी मारला, मला आजही माहीत नाही, मी पालथा होतो. माझं वय तेव्हा एकोणचाळीस, गळती थांबल्यात जमा, मागचे केस वडिलांसारखे राठ. कोणीही केलं असतं तरी बहुधा बरं आलं असतं. तुम्ही ज्याला चांगला डॉक्टर समजून नाव मागता, तो माझ्या बाबतीत माझ्या वडिलांची मान होती.

नंतर वाचलं की नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ साली ह्याबद्दल स्पष्ट सांगितलंय: हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं रीतसर शिक्षण घेतलेल्याने करायचं, कार्यशाळा बघून आणि यूट्यूब पाहून शिकायची ही गोष्ट नव्हे. माझं ऑपरेशन त्यानंतरचं. नियम होता, मी वाचला नव्हता. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यापारी ह्या ऑपरेशननंतर दोन दिवसांत दगावला, ती बातमी मात्र वाचली होती. वाचून पान उलटलं होतं.

मग निदान ते नाव तरी जाहीर कर, टाळा म्हणून सांग, असं बायको म्हणते. बरोबर म्हणते. मी दोनदा तक्रार लिहायला बसलो. धाकट्याने हात जोडले: "दादा, माझं डोकं पेपरात नको." मुलगी बघायला जायचं होतं त्याला. मी थांबलो. त्याच्यासाठी थांबलो असं मी सांगतो. फुकटची दोन सेशन तक्रारीत कुठे लिहायची, हाही प्रश्न होताच. त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव का नाही सांगत, असंही विचारतात. त्या ऑपरेशन करत नाहीत, त्या फक्त नको म्हणाल्या. नको म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव आजवर कोणी चिकाटीने मागितलेलं नाही.

कधी वाटतं, हे सगळं मी स्वतःला लपवण्यासाठी उभं केलंय. नाव न सांगणं किती सोपं आहे! पुन्हा कोणाचं बिघडलं तर माझ्यावर येणार नाही. तो गृहस्थ मिरचीच्या गाड्याजवळ उभा होता, तेव्हा मी त्याला निदान एवढं सांगू शकलो असतो की आधी मागची बाजू भिंगाने बघून घ्या, पंच कोण मारणार ते विचारा, एका दिवसात चार हजार म्हणाले तर उठून या, मागच्या बाजूची शिल्लक आयुष्यभरासाठी असते आणि ती परत भरत नाही. नाही सांगितलं. पाव किलो मिरची घेतली आणि निघालो. आणि सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, ते खरं हो, पण नाव?

धाकट्याचं आता असं आहे: गोळी चालू आहे, गळती थोडी आटोक्यात आहे. चमनगोटा करावा तर ठिपके दिसतात, वाढवावे तर विरळ. ठिपक्यांत रंग भरून घ्यायचा विचार चाललाय, टॅटूसारखा. ह्या वेळी त्याने मला काही विचारलं नाही. लग्न ठरलंय, मुलीला त्याने टोपी काढून दाखवलं होतं म्हणे, पहिल्याच भेटीत. मला ते काकूकडून कळलं.

आणि एक. गेल्या दोन महिन्यांत मला केसांबद्दल फोन करणाऱ्या तिघांना मी विचारलं, माझा नंबर कुठून मिळाला. तिघेही कुंडईचे. "तुमच्या धाकट्या भावाने दिला. म्हणाला, दादाला विचारा, त्याचे बरे आलेत."