अपशिंग्याच्या एसटीत मामांसोबत

सातारा स्टँडवरून अपशिंग्याची एसटी मिळाली तेव्हा अजिंक्यताऱ्यावरचं धुकं अजून उतरलं नव्हतं. शेजारी मामा. वय पंचाहत्तर, डोक्यावर पॅराची, म्हणजे लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटची, मरून टोपी.

गेल्या वर्षी थायलंडला मी स्कायडायव्हिंग केलं. १०,००० फुटांवरून. गाडी हलल्यावर मोबाइलवर त्यांना तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि विचारलं, "पॅराशूट कुणी उघडलं?"

"पाठीला बांधलेल्या इन्स्ट्रक्टरनं."

"आमचं इमानच उघडायचं," मामा म्हणाले. विमानात डोक्यावर एक तार असते, तिला आपला पट्टा अडकवायचा. उडी घेतली की पट्टा ताणतो आणि पॅराशूट आपसूक बाहेर येतं. उंची साधारण १,२५० फूट. काही चुकलंच तर छातीवरचं दुसरं उघडायला हातात मोजून काही सेकंद. आग्र्याला अशा ५ उड्या झाल्या की छातीवर पंखांचा बिल्ला मिळतो. त्यातली एक रात्रीची.

"भीती?"

"पयल्या उडीला न्हाय. तवा काय ठावंच नव्हतं. दुसरीला दारात पाय लटपटलं."

मग टांगाईल, आताच्या बांगलादेशातलं. ११ डिसेंबर १९७१. मामांची पलटण २ पॅरा, म्हणजे मूळची तिसरी मराठा लाइट इन्फंट्री. मैमनसिंगहून ढाक्याकडं माघार घेणारी पाकिस्तानी फौज अडवायची आणि पुंगलीचा नदीवरचा पूल ताब्यात घ्यायचा, एवढी कामगिरी. दिवस मावळतीला उड्या पडल्या. जड सामान तळ्यांत गेलं, ते काढायला गावकरी पाण्यात उतरले. एक पोरगं दारूगोळ्याची पेटी डोक्यावर घेऊन यांच्यापुढं पळत होतं. ते सांगताना मामांचा आवाज बसला. पूल त्याच रात्री हाती आला. १६ डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरलेल्या पलटणींत २ पॅरा होती. हे मात्र त्यांनी एका वाक्यात उरकलं. मला ते पोरगं जास्त लक्षात राहिलं, त्यांनाही तेच.

अपशिंग्याला उतरताना मामांनी शेवटच्या पायरीवरून दोन्ही पाय जोडले, गुडघे किंचित वाकवले आणि तसेच जमिनीवर आले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, दमानं." मी काही बोललो नाही. जमिनीला पाय लावायची ती शिकवलेली रीत होती, पन्नास वर्षं अंगात मुरलेली.

पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. स्मारकापुढं मामांनी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. मी चप्पल काढून मागं उभा राहिलो. घरोघरी फौजी असलेलं गाव, पण त्या सकाळी रस्त्यावर शाळेला निघालेली पोरं तेवढी होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मामांनी हात पुढं केला. "तुझं ते परत लाव."

लावलं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, जरा वेळानं बोट ठेवलं.

"सगळा समिंदरच हाय रं. ह्यात नदी कुटं?"