कपडा आधी उलटा करून बघते

कुठलाही कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. रंग, गळा, नक्षी हे सगळं मागाहून. आधी शिवण बघायची, शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघायचं, अस्तर कुठवर गेलंय, काजं नीट भरली आहेत का, चौकड्याचं कापड असेल तर शिवणीवर रेघेला रेघ जुळते का. मैत्रिणी म्हणतात, "अगं, घालून तरी बघ आधी!" घालून बघतेच, पण नंतर. मला काय शोभतं, कशात मी दिवसभर निवांत वावरते, हे जे काही उमगलं ते याच सवयीमुळे. आणि ही सवय लागली ती वापरलेले कपडे विकत घ्यायला लागल्यापासून.

नव्या कपड्यांच्या दुकानात निम्मी निवड आधीच झालेली असते. हंगामाचा रंग ठरलेला, पँटचा घेर ठरलेला, कशावर काय घालायचं तेही पुतळ्याच्या अंगावर दाखवलेलं. जुन्या कपड्यांच्या दुकानात खांद्यात जाड पॅड घातलेलं जाकीट असतं, त्याला खेटून साधा सुती शर्ट, त्याच्या शेजारी वेगळ्याच काळातला घेरदार स्कर्ट. सध्या काय चालतंय हे सांगणारं तिथे कुणी नसतं, त्यामुळे काय आवडतंय हे स्वतःलाच विचारावं लागतं. सुरुवातीला भांबावायला होतं. मग हळूहळू हात ठरावीक कपड्यांपाशी थांबायला लागतो. माझा थांबतो तो राखाडी, गडद निळ्या आणि मातकट तपकिरी रंगांपाशी. खांद्यावर चोख बसणाऱ्या आणि खाली मोकळ्या सोडलेल्या कपड्यांपाशी. चकाकी नसलेल्या, हाताला थोड्या खरखरीत लागणाऱ्या कापडापाशी. ही माझी आवड आहे हे मला कपडे टांगलेल्या त्या दांड्यांपुढे उभं राहूनच कळलं.

माझ्याकडे एक राखाडी लोकरी ब्लेझर आहे. पुरुषांच्या विभागात टांगलेला होता. त्याची बटणं उजव्या बाजूला आहेत, त्याने काही बिघडत नाही. खांद्याची शिवण माझ्या खांद्याच्या हाडावर जिथे संपायला हवी तिथेच संपत होती, म्हणून मी तो घेतला. बाकी बरंच चुकत होतं. बाह्या आखूड होत्या, कमरेत ढगळ होता, उजव्या मुंढ्यात अस्तर उसवलं होतं. पण बाहीच्या टोकाला आत दीड इंच कापड दुमडलेलं होतं. आमच्या शिंपीकाकांनी ते उघडून बाही लांब केली, मागच्या मधल्या शिवणीतून कंबर आत घेतली, मुंढ्याशी अस्तराचा नवा तुकडा लावला. खांदा चुकीचा असता तर मात्र त्यांनी हात लावला नसता. खांदा बदलायचा म्हणजे बाही काढा, कॉलर सैल करा, आतला सगळा सांगाडा उघडा. नवा कोट शिवणं त्यापेक्षा सोपं. म्हणून जुन्या जाकिटात मी पहिल्यांदा खांदा बघते, आणि तो बसत नसेल तर कापड कितीही देखणं असो, परत टांगते.

लेबलवरच्या साइझच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. एकच आकडा एका कंपनीत एक असतो, दुसरीत दुसरा, आणि तीस वर्षांपूर्वीच्या कपड्यावर तर तिसराच. त्याऐवजी पर्समध्ये मापांचं कार्ड आणि गुंडाळलेली टेप असते. कार्डावरची मापं अंगाची नाहीत, माझ्या सगळ्यात चांगल्या बसणाऱ्या कपड्यांची आहेत. आवडता शर्ट टेबलावर सपाट पसरायचा आणि मापायचा: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, बाही, उंची. पँटचं तसंच, कंबर, आसन (कमरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतची उंची), मांडी, पायाचा घेर. ऑनलाइन जुने कपडे घेताना तर याला पर्यायच नाही. विकणाऱ्याला सपाट मापं विचारायची आणि कार्डाशी ताडून बघायची. शैली हा शब्द फार तरल वाटतो, पण माझी शैली बरीचशी त्या कार्डावर इंचांत लिहिलेली आहे. मला आवडणाऱ्या सगळ्या पँटांचं आसन उंच निघालं, हे टेप हातात घेतल्याशिवाय माझ्या ध्यानात आलं नसतं.

आता क्लासिक कपड्यांविषयी. 'प्रत्येकीच्या कपाटात हव्यातच अशा दहा गोष्टी' अशा याद्या मला पटत नाहीत. १९८५ मध्ये अमेरिकी फॅशन डिझायनर डॉना कॅरन यांनी मोजक्या सात कपड्यांचा संच आणला. एकातून दुसरा जोड बनावा, सकाळपासून रात्रीपर्यंत निभावं, ही त्यामागची कल्पना मला फार आवडते. पण ते सात कपडे जसेच्या तसे उचलून उपयोग नाही, कारण प्रत्येकीचा दिवस वेगळा असतो.

क्लासिक कपडे टिकले ते बहुतेक कुठल्या तरी कामासाठी जन्मले म्हणून. आडव्या पट्ट्यांचा बनियनसारखा विणलेला सदरा १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाच्या गणवेशात आला. पांढरा पट्टा २० मिलिमीटर, निळा १० मिलिमीटर, असं नियमात ठरवून दिलेलं होतं. जीन्सच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याची रिव्हेट मारायची युक्ती जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. राबणाऱ्यांच्या पँटचे खिसे फाटायचे, म्हणून. कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याला २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळालं. ट्रेंच कोट, म्हणजे कमरेला पट्टा असलेला लांब पावसाळी कोट, त्याचं गॅबर्डीन हे कापड थॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये तयार केलं. विणण्याआधीच सुताला पाणी न लागेल असं करायचं आणि मग घट्ट विणायचं. हे कळल्यावर निवडणं मला सोपं झालं. माझ्या दिवसात हे काम आहे का, एवढंच बघायचं. पट्ट्यांचा सदरा मला रोज लागतो, विणकाम अंगाबरोबर ताणतं आणि डाग चटकन दिसत नाहीत. ट्रेंच कोटाचे पट्टे, झडपा, बकल माझ्या लहान चणीवर फार होतात, तेव्हा तो कितीही अजरामर असो, माझा नव्हे.

त्या पट्ट्यांच्या सदऱ्याच्या डाव्या कोपराला आधीच्या मालकाने किंवा मालकिणीने रफू केलेलं आहे. धागा निळाच, पण एक छटा फिकट. टाके इतके शांतपणे घातले आहेत की ते उसवून नव्याने करावं असं मला कधी वाटलं नाही. कुणाला तरी हा सदरा टाकवला नाही, हे त्या कोपरावर लिहिलेलंच आहे, आणि माझ्याकडे आल्यावर मीही तो तितक्याच काळजीने वापरते.

घेताना आणखी काय बघते? काखेतला रंग, कॉलरची घडी, पँटच्या दोन मांड्यांमधलं झिजलेलं कापड. लोकरी कपडा उजेडाकडे धरायचा, कसरीची भोकं लगेच दिसतात. शिंपल्याची बटणं गालाला लावली तर गार लागतात, प्लॅस्टिकची लागत नाहीत. झग्याला धातूची चेन असेल तर तो १९६० च्या दशकातला किंवा त्याआधीचा असण्याची शक्यता बरीच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर धुण्याच्या सूचनांची पट्टी १९७२ पासून सक्तीची झाली, तेव्हा तिथल्या कपड्यात ती मुळातच शिवलेली नसेल तर तो त्याआधीचा किंवा घरी शिवलेला असू शकतो. इलॅस्टेन घातलेली ताणणारी पँट मात्र मी वापरलेली घेत नाही. तो धागा उष्णतेने आणि वयाने मरतो, गुडघे फुगतात आणि परत बसत नाहीत. स्वस्त आहे म्हणून उचललेला कपडा कपाटात जागाच अडवतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

ऋतूंनी माझ्या कपाटाला जितकं वळण लावलं तितकं कशानेच नाही. लिनन येतं जवसाच्या देठातून. ते घाम झटकन शोषतं आणि झटकन वाळतं, म्हणून उन्हाळ्यात मी त्याच्याशिवाय दुसरं फारसं घालत नाही. चुरगळतं, आणि मला ते चुरगळलेलंच आवडतं. कडक इस्त्री केलेलं लिनन स्वतःचा स्वभाव लपवल्यासारखं दिसतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही, त्यामुळे पातळ लोकरीचा स्वेटर दमट गारठ्यात जाड ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी बरा. सुती कापड भिजलं की उलट मजबूत होतं, व्हिस्कोज, म्हणजे रेयॉन, भिजलं की कमजोर पडतं. म्हणून पावसाळी दिवसांत व्हिस्कोजचे झगे मी कपाटातच ठेवते.

ऋतू पालटला की आधीचे कपडे धुऊन, पुरते वाळवून आत जातात. धुणं टाळायचं नाही. कसरीच्या अळ्या लोकरीतलं, रेशमातलं प्रथिन खातात आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेल्या जागा आधी पकडतात. याच वेळी एक छोटी वही काढते. ऋतूभर काय पुन्हा पुन्हा घातलं, काय एकदाही बाहेर निघालं नाही आणि कशाची उणीव भासली, एवढंच लिहिते. न घातलेले कपडे ज्यांना बसतील त्यांना जातात. उणीव भासली ते पुढच्या खरेदीत. लोकरी कोट भर उन्हाळ्यात शोधायचा, लिनन थंडीत, कारण तेव्हा दांडीपाशी गर्दी नसते आणि मन लावून उलटंपालटं करून बघता येतं.

गेल्या हिवाळ्याच्या पानावर एकच ओळ आहे: गडद निळा लांब कोट, लोकरी, एका रांगेत बटणं, पट्टा नको. आतापर्यंत दोन हाताशी आले होते. एकाचा खांदा मोठा होता. दुसऱ्याचा खांदा अगदी बरोबर होता, पण खालच्या दुमडीत माया नव्हती आणि उंची गुडघ्याच्या वरच थांबत होती. तो तिथेच ठेवला. माझ्यापेक्षा ठेंगणी कुणी असेल तर तिला तो झकास बसेल. ऊन चढायला लागलंय, म्हणजे कोट शोधायचे दिवस आता सुरू होतील.