वाळूवर न्यायचं घर: आमच्या पिकअपचा किलोकिलोचा हिशेब

आमच्या पिकअपचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकल्यापासून प्रश्नांची रीघ लागली आहे. झोपता कुठे, स्वयंपाक कुठे करता, पोराला रात्री भीती नाही का वाटत? काकांनी मात्र वेगळंच विचारलं. त्यांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदललेस का गं? गाडी मागे बसलेली दिसत नाही." सगळ्या प्रश्नांत मला हाच सर्वांत आवडला. गाडीवर तंबू चढवणं, फ्रिज बसवणं ही कामं पैसे टाकले की होतात. एवढं सगळं घेऊन ती गाडी भुसभुशीत वाळूतून जाईल का, हे मात्र वजनावर ठरतं. म्हणून हा लेख बहुतेक वजनाबद्दल आहे.

आधी जागा सांगते. आम्ही ब्रिस्बेनला राहतो. इथून उत्तरेला तीनेक तासांवर रेनबो बीच नावाचं गाव आहे, आणि त्याच्या पुढे इन्स्किप पॉइंटवरून बार्जमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीत, गाडी चढवली की काही मिनिटांत गरी बेटावर उतरता येतं. शाळेच्या भूगोलात हे फ्रेझर आयलंड होतं. बुचुल्ला या इथल्या आदिवासी लोकांचं मूळ नाव २०२३ च्या जूनमध्ये अधिकृतपणे परत आलं. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी १२० किलोमीटरच्या आसपास, १९९२ पासून जागतिक वारसा. वाळूवर घनदाट वर्षावन उभं आहे आणि वाळूतच गोड्या पाण्याची तळी आहेत. राहण्याच्या दोन-चार वस्त्या सोडल्या तर डांबरी रस्ता जवळपास नाहीच. पूर्वेचा समुद्रकिनारा हाच हमरस्ता. त्यावर ताशी ८० ची वेगमर्यादा आहे, पोलीस असतात, सीटबेल्ट लागतो, आणि अधूनमधून छोटी विमानंही तिथेच उतरतात. लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) असलेली खरी फोर बाय फोर नसेल तर इथे जायचा विचारच करू नये.

आता गाडी. आमची हायलक्स आहे, डबल कॅब. इथे अशा पिकअपला सगळे यूट म्हणतात आणि सुतारापासून डॉक्टरपर्यंत कुणाच्याही दारात ती दिसते. कंपनीने ठरवलेलं कमाल एकूण वजन ३०५० किलो. टाकी भरलेली रिकामी गाडी साधारण २१०० किलो. म्हणजे हातात उरतात ९५० किलो. जाहिरातीत 'एक टनाची पिकअप' ऐकलं की हा आकडा अफाट वाटतो. पण त्यातून आम्ही तिघं वजा करा, १९० किलो. अ‍ॅल्युमिनियमची कॅनोपी, म्हणजे मागच्या हौद्यावर बसवलेली पेटी, १५०. पुढचा लोखंडी बंपर ६०. कांगारूच्या देशात रात्री गाडी चालवायची तर तो आम्हाला हवाच होता. छतावरचा तंबू ६५. खण आणि फ्रिज बाहेर ओढायची सरकती चौकट ७०, भरलेला फ्रिज ४५. बॅटरी, सोलर आणि वायरिंग मिळून ४०. पिण्याचं पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. फावडं, कंप्रेसर, ओढायचे पट्टे, वाळूत टाकायच्या फळ्या असं ५०. कपडे, अंथरूण, खुर्च्या, शिधा ८०. बेरीज ८१० होते. १४० किलो शिल्लक, आणि ती शिल्लक आम्ही मुद्दाम राखलेली आहे.

कागदावरच्या या हिशेबावर विसंबू नका. सगळं भरून, सगळी माणसं बसवून गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी तोला, मागची वेगळी. आमची २९३० भरली. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या अ‍ॅक्सलवर जास्त भार येऊ शकतो, कारण कॅनोपीचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबतो. मागे टोकाला ठेवलेलं सामान तरफेसारखं काम करतं, मागची चाकं दाबतं आणि पुढची हलकी करतं. डबल कॅब गाड्यांची चासी केबिन आणि हौद्याच्या मधोमध वाकल्याची उदाहरणं इथल्या गॅरेजांत ऐकायला मिळतात, त्यामागे हेच कारण असतं. म्हणून पाण्याची टाकी आम्ही केबिनला चिकटून तळाशी बसवली, बॅटरीही तिथेच. मागच्या दाराजवळ फक्त खुर्च्या आणि अंथरूण. आणि हो काका, पाटे बदलले. रोज मागे वजन असतंच, म्हणून कायम ३०० किलो गृहीत धरून बनवलेला जाड संच घातला. पण पाटे बदलले म्हणून कायद्याने गाडीची मर्यादा वाढत नाही. ती वाढवायची तर प्रमाणित इंजिनिअरकडून नव्या मर्यादेची रीतसर प्रमाणपट्टी गाडीला लावून घ्यावी लागते.

बाजारात हौद्यात अख्खी खोलीच सरकवून बसवता येते. आत पलंग, शेगडी, टेबल, सगळं तयार. दिसायला मोह पडावा अशी. बऱ्याच खोल्या रिकाम्याच पाचशे किलोच्या पुढे जातात, आणि त्यांचं वजन उंचावर असतं. किनारा समुद्राकडे उतरता असतो. ओहोळांनी कापलेल्या वाळूच्या कडा गुडघ्याएवढ्या असतात. तिथे वर जड असलेली गाडी तिरकी झाली की पोटात गोळा येतो. पक्क्या रस्त्याने ऑस्ट्रेलिया फिरणाऱ्या निवृत्त जोडप्यांना ती खोली खुशाल घेऊ द्या. वाळूसाठी मी ती कुणालाही सुचवणार नाही.

वाळूत गाडी चालते ती टायरच्या हवेवर. डांबरावर आम्ही ३६ पीएसआय ठेवतो. इन्स्किपला पोचलो की खाली उतरायचं, प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला हवा सोडायचं यंत्र लावायचं आणि काटा १८ वर येईपर्यंत थांबायचं. मी चाकाजवळ उकिडवी बसते. हवा फुसफुसत जाते, पितळी तोंड बोटांना गार लागायला लागतं, आणि टायरची कड जमिनीलगत हळूहळू फुगीर होते. टायर रुंद होतो त्यापेक्षा जास्त तो लांब होतो. जमिनीला टेकलेला पट्टा वाढतो, वजन पसरतं आणि वाळू कापली न जाता दबते. उंटाचा पाय जसा टेकताना पसरतो तसंच. फारच भुसभुशीत लागलं तर १५-१६ पर्यंत जायचं, पण मग वळण हळू घ्यायचं, नाहीतर टायर रिममधून निसटतो. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडायचा. आणखी दाबलं तर गाडी स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. अशा वेळी चाकांपुढची वाळू फावड्याने काढून फळ्या सरकवायच्या आणि हवा आणखी थोडी कमी करायची. बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटका होते. डांबरावर परतण्याआधी कंप्रेसरने हवा भरणं तितकंच सक्तीचं. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

विजेचं थोडक्यात सांगते. फ्रिज १२ व्होल्टचा, कंप्रेसरवाला. उन्हाळ्यात तो दिवसाला साधारण ३० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी आहे. तेवढीच वापरता येणारी वीज शिशाच्या बॅटऱ्यांतून घ्यायची तर दोन लागल्या असत्या आणि वजन चौपट झालं असतं. कॅनोपीच्या छतावर २०० वॅटचं पॅनल. हल्लीच्या गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग, डिझेल वाचवायला व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे दुसरी बॅटरी थेट तारेने जोडून नीट भरत नाही. मध्ये व्होल्टेज नीट करून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच. तार जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. वायरिंगमध्ये काटकसर करू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

मांडणी कशी असावी, हे आम्हाला शिकवलं वोंगारीने. वोंगारी म्हणजे इथले डिंगो, रानकुत्रे. ते बेटाचे मूळ रहिवासी आहेत आणि बुचुल्ला लोकांच्या जगण्याशी त्यांचं नातं फार जुनं आहे. माणसांनी खायला घातलं की त्यांची भीड चेपते, ते माणसाच्या अंगावर येऊ लागतात आणि शेवटी त्यांनाच मारावं लागतं. २००१ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाचा त्यांच्या हल्ल्यात जीव गेला होता. म्हणून आमच्या गाडीत अन्न, कचरा, साबण, टूथपेस्टसुद्धा कुलूपबंद कॅनोपीत राहतं. बाहेर कूलबॉक्स ठेवायचा नाही, चपला ठेवायच्या नाहीत. झोपायचं वर, छतावरच्या तंबूत. लहान मुलं असतील तर वनखात्याने कुंपण घातलेल्या तळांवरच उतरा. आम्हीही तिथेच उतरतो. आणि मूल हाताच्या अंतरावर हवं, चार पावलं पुढे धावू द्यायचं नाही. सकाळी शिडीवरून उतरून कुंपणाबाहेर गेले की वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे असतात, कुंपणाला वळसा घालून थेट टेकड्यांकडे गेलेले.

शेकोटीचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांना वाईट वाटेल, पण बेटावर बहुतेक ठिकाणी विस्तवाला बंदी आहे. दोन तळांवर ठरावीक चुली आहेत, बस. २०२० मध्ये एका बेकायदा शेकोटीतून पेटलेला वणवा दोन महिने धुमसत राहिला आणि अर्ध्याच्या आसपास बेट जळालं. त्यामुळे गॅसच. शेगडी कॅनोपीच्या बाजूच्या दारावर उघडते, म्हणजे गाडीच वाऱ्याला आडोसा होते. तीन लिटरचा कुकर मी कधीच मागे ठेवत नाही. मुगाची खिचडी दोन शिट्यांत होते, गॅस वाचतो, भांडं एकच घासावं लागतं. बाकी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन. कोरडा शिधा हलका असतो, टिकतो आणि फ्रिजमध्ये जागा अडवत नाही. डबाबंद अन्नाचे टिन नेण्यापेक्षा आपल्या आज्यांची प्रवासाची शिदोरी कितीतरी शहाणी आहे. किनाऱ्यावरच्या साध्या तळांवर संडास नसतो. आम्ही झाकणाचा छोटा पोर्टेबल संडास नेतो आणि त्यासाठी नेमलेल्या जागीच रिकामा करतो.

फिरताना घड्याळ भरती-ओहोटीचं. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, तेव्हाच ओली कडक वाळू उघडी असते. वाटेत एली क्रीक लागतो, तासाला चाळीस लाख लिटरपर्यंत स्वच्छ गोडं पाणी समुद्रात सोडणारा. पोरं तिथे डुंबतात. समुद्रात आम्ही उतरत नाही, ओढ जबर आणि शार्कही आहेत. थोडं पुढे माहेनोचा गंजलेला सांगाडा. १९०५ मध्ये बांधलेलं हे प्रवासी जहाज पहिल्या महायुद्धात इस्पितळ झालं. १९३५ मध्ये भंगारात काढायला जपानकडे ओढून नेत असताना चक्रीवादळात सुटलं आणि इथे येऊन रुतलं. त्याची आजची अवस्था बघितली की खारं पाणी लोखंडाचं काय करतं ते कळतं. घरी परतल्यावर आम्ही गाडी आधी खालून धुतो: चासीच्या पोकळ्या, पाट्यांच्या फटी, ब्रेकच्या मागे. घरी बसून चहा नंतर.

भावाने विचारलं आहे की हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप तर आपल्याकडेही मिळतात, मग असंच गुहागरला का करू नये? गाडी सजवा, जरूर सजवा. तीच कॅनोपी, तोच फ्रिज स्पितीला किंवा कच्छला छान चालेल. पण कोकणच्या पुळणीवर गाडी घालू नका. तिथे गाड्यांना मनाई आहे ती योग्यच आहे. वेळास, आंजर्ले, गुहागरला ऑलिव्ह रिडले कासवं त्याच वाळूत अंडी घालतात. इथेही परवाना, ठरलेले मार्ग आणि बंद ठेवलेले पट्टे आहेत, म्हणूनच हे चालतं. सुट्टीच्या दिवसांत हर्णै-अलिबागकडे भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघते तेव्हा त्या गाडीपेक्षा मला त्या किनाऱ्याची काळजी वाटते. नारळीच्या वाडीत, घरमालकाला विचारून गाडी उभी करा, पन्नास पावलं चालत समुद्रावर जा.

आणि कुणी इकडे यायचं म्हणत असाल तर शाळांच्या सुट्ट्या टाळून तारखा कळवा. गाडीचा आणि मुक्कामाचा परवाना आधीच काढावा लागतो, आणि ओहोटी दुपारच्या आधी येणारा आठवडा मला निवडता येईल. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये चावऱ्या माशा असतात (नाव मात्र 'मार्च माशा'), म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणा. चाकांची सुटकेस आमच्या घरी राहील, बेटावर प्रत्येकी एक कापडी पिशवी. दहा किलोच्या आत.