तुम्ही विचारलंत म्हणून: बाबेलची वीट

व्याख्यान संपलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. बायबलचं पुरातत्त्व, म्हणजे बायबलमधल्या जागांचा प्रत्यक्ष शोध, सुरू कुणी केलं? आणि गोव्यात राहून तुम्हाला तिकडच्या ओसाड टेकड्यांचं वेड कसं लागलं? दोन्हींच्या उत्तरात मी एकच नाव घेते: रोमचा पिएत्रो देल्ला वाल्ले, सतराव्या शतकातला प्रवासी.

अभ्यासक सुरुवात धरतात ती १८३८पासून. त्या वर्षी एडवर्ड रॉबिन्सन आणि एली स्मिथ हे दोन अमेरिकन पॅलेस्टाइनमध्ये गावोगाव हिंडले आणि अरबी नावांत दडलेली बायबलमधली गावं शोधत गेले. 'अनाता' म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं गाव अनाथोथ, असं. पद्धत त्यांनी घालून दिली, हे मान्यच. पण मला ओढ आहे ती त्याआधीच्या प्रवाशांच्या पत्रांची.

१६१६मध्ये पिएत्रो इराकमधल्या बॅबिलोनच्या, म्हणजे बायबलमधल्या बाबेलच्या, ढिगाऱ्यावर पोचला. सोबतच्या चित्रकाराकडून त्याने ढिगाऱ्याचं चित्र काढून घेतलं, घेर मोजला आणि मग विटा तपासल्या. बहुतेक विटा उन्हात वाळवलेल्या, मातीत बसवलेल्या, थरांमध्ये चेचलेलं बोरूचं गवत. मधूनच भट्टीत भाजलेल्या विटा, डांबराने जोडलेल्या. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आभाळाला भिडणारा बाबेलचा बुरूज बांधणारे दगडाऐवजी वीट आणि चुन्याऐवजी डांबर वापरतात. हाच तो बुरूज, असं त्याला वाटलं. ते चुकलं, तो बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याचा राजवाडा होता. बुरुजाचा पाया आणखी दक्षिणेला होता, तो जर्मन उत्खननात विसाव्या शतकात सापडला. तरी विटांचं ते वर्णन आजही खरं आहे. म्हणूनच माझ्या लेखी सुरुवात तिथे आहे.

आता गोवा. १६१६मध्येच पिएत्रोने बगदादच्या मआनीशी लग्न केलं. १६२१च्या अखेरीस ती इराणात वारली. तिचा देह कापूर घालून जतन करून, पेटीत ठेवून तो पुढे निघाला. १६२३च्या एप्रिलात तो गोव्याला उतरला, तेव्हा ती पेटी त्याच्यासोबत होती. जुन्या गोव्यात मांडवीकाठी उभी राहिले की मला आधी ती पेटी आठवते.

परतीच्या वाटेवर, १६२५मध्ये, इराकच्या दक्षिणेत मुकय्यर नावाच्या ढिगाऱ्यावर त्याने पुन्हा विटा उचलल्या. त्यांवर अनोळखी चिन्हं उमटवलेली होती. ती त्याने उतरवून घेतली. तो ढिगारा म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाचं ऊर शहर, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. मआनीला त्याने १६२६मध्ये रोममध्ये पुरलं.