पणजीचं नाव काय?

"आई, पणजीचं नाव काय?"

मी भेंडी चिरत होते. म्हटलं, "पणजीचं नाव पणजीच. पूर्वी पोर्तुगीज 'नोव्हा गोवा' म्हणायचे." लेकीनं कपाळावर हात मारला. तिला राजधानी नको होती, बाबाच्या आजीचं नाव हवं होतं. हा घोटाळा गोव्याबाहेर कुणाच्या घरात होत नसणार.

चौथीच्या वर्गात 'माझा वंशवृक्ष' करून न्यायचा होता. बाईंनी दिलेल्या कागदावर झाड छापलेलं, फांद्यांना चौकोन टांगलेले आणि मागच्या बाजूला 'आमचे मूळ गाव' यावर दहा ओळी. दहा ओळींचं लगेच जमलं. गाव जुन्या साष्टीतलं केळशी, पण कुळदेवी शांतादुर्गा फोंड्याजवळच्या कवळ्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज साष्टीतली देवळं पाडायला लागले तेव्हा लोक देवांना घेऊन झुवारी नदीपलीकडे अंत्रूजात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला आले. मंगेशही तसाच कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. लेकीनं लिहिलं, 'आमची देवीपण भाड्याच्या घरात राहते.' मी ते वाक्य खोडायला लावलं, आणि मग उगाच खोडायला लावलं असं वाटलं.

अडलं ते चौकोनांत. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी. पण तें लग्नांतलें नांव." माहेरचं? "कोण जाणा! तिका सगळीं वयनी म्हणटालीं." लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव त्याच तांदळांत मिसळून जायचं. पणजीची मोठी गोधडी आमच्या कपाटात आहे, तिच्या हातच्या खतखत्याची आठवण काढणारे नातेवाईक आहेत, पण नाव कुणालाच ठाऊक नाही.

तेवढ्यात नवऱ्याला पत्र्याची पेटी आठवली. गोव्यातल्या घरांत अशी एक पेटी असतेच. जमिनीच्या वाटणीचा इन्व्हेंतार, म्हणजे वारसांचा कोर्टातला खटला, कधी निघेल सांगता येत नाही, म्हणून एकही कागद टाकायचा नाही. हल्ली तर लोक आजोबांचा जन्मदाखला शोधतात तो पोर्तुगीज पासपोर्टासाठी. 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधीचा जन्म लिस्बनला नोंदवता येतो, आणि मग पोराबाळांना थेट युरोप. आम्ही बहुधा पहिलेच, जे चौथीच्या गृहपाठासाठी पेटी उघडत होतो.

सासऱ्यांचा दाखला मिळाला. पिवळा, घडीवर फाटलेला, पोर्तुगीजमधला. पोर्तुगीज कारकुनाची एक चांगली खोड होती: जन्म नोंदवताना तो बाळाचे आईबाप विचारायचा, आणि वर दोन्हीकडचे आजी-आजोबाही. म्हणजे बाईंचं झाड त्यानं केव्हाच भरून ठेवलं होतं. मात्र उच्चार त्याचे. प्रभूंचा पोरोबो, शेणवींचा सिनाय, शंकर तर एक्सपासून सुरू. आईच्या जागी लक्ष्मी नव्हती. तिथं होतं 'सुंदोरी'.

नवऱ्यानं दाखला खिडकीशी नेऊन पुन्हा वाचला. "सुंदरी," तो हळूच म्हणाला. आपल्या माणसांनी तांदळांत मिसळून टाकलेलं नाव परक्या सरकारच्या कारकुनानं जपलं, याचा राग मानावा की आभार, मला कळेना. नाक डावीकडे किंचित वाकलेली, फोटोत कधी न हसलेली ती म्हातारी एकाएकी सुंदरी झाली. लेकीला मात्र फार आनंद झाला. तिनं चौकोनात 'सुंदरी (लक्ष्मी)' लिहिलं. शेवटची 'मी' चौकोनाबाहेर फांदीवर गेली.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. कागद जवळ ओढून त्यांनी चष्मा लावला आणि आपल्याच चौकोनावर बोट ठेवलं. तिथं लेकीनं आल्या आल्या, कुणाला न विचारता, निळ्या पेनानं 'उषा' लिहून टाकलं होतं.

"हेंय लग्नांतलेंच," त्या म्हणाल्या. "घरांत हांव कुमुद."

बारा वर्षं मी त्यांना आई म्हणते. कुमुद हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

लेक खोडरबर घेऊन धावली. पेनाची शाई रबरानं जाईना, कागद तेवढा खरवडला.

"रांव गो," आई चौकोनाच्या बाजूची जागा दाखवत म्हणाल्या, "कुशीक बरय."